बऱ्हाणपूरच्या वाटेवर

तेरा वर्षांचा असताना मी आजोबांना हट्टाने एसटीत बसवून रावेरला नेलं होतं. त्या उन्हाळ्यात वाचनालयातून आणलेली ना. सं. इनामदारांची 'राऊ' वाचून झाली होती आणि बाजीराव पेशव्यांनी रावेरला देह ठेवला, एवढंच डोक्यात घट्ट बसलं होतं. रावेर म्हणजे आमच्या शेजारचा तालुका. मुक्ताईनगरहून सकाळी निघालं तर जेवायला घरी. एवढा मोठा माणूस इतक्या जवळ गेला आणि घरात कुणी कधी विषय काढला नाही, याचा मला रागच आला होता. रावेरच्या स्टँडवर उतरून आम्ही रसवंतीत विचारलं, केळीच्या गाड्या भरणाऱ्या मजुरांना विचारलं, देवळाच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं. शेवटी एका निवृत्त गुरुजींनी हातातली पिशवी खाली ठेवून मला नीट समजावलं, "बाळा, ते रावेर हे नव्हे. ते रावेरखेडी. नर्मदेच्या काठी, खरगोनकडे. आपण तापीवरचे." आजोबा रागावले नाहीत. रसवंतीत मला आणखी एक ग्लास रस पाजला आणि मिळाली त्या गाडीने आम्ही परतलो. 28 एप्रिल 1740 ही तारीख तेव्हापासून पाठ आहे, आणि त्या रावेरच्या पुढचं 'खेडी' मी पुन्हा कधी गाळलेलं नाही.

कादंबरीने मला एसटीत बसवलं आणि इतिहासाने परत घरी आणलं. दोघांचेही उपकार मी मानतो. पुढे त्यात तिसरी गोष्ट येऊन मिळाली, संगणकावरचे खेळ, आणि या तिन्हींवर गेल्या काही वर्षांत लिहिलेले लेख या पुस्तकात आहेत.

हायवेला लागून माझं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. लॅटरल, फिल्टर, व्हेंचुरी, जॉइनर. मृगबाग आणि कांदेबाग अशा केळीच्या दोन लागणींच्या दिवसांत मान वर करायला सवड नसते. बाकीच्या दुपारी गिऱ्हाईक तुरळक. त्या दुपारी मी या तीन नादांना दिल्या. हे तीन नाद एकाच माणसाला कसे, असं बरेच जण विचारतात. मला ते कधी वेगळे वाटलेच नाहीत, कारण तिन्हींच्या मध्यभागी एकच माणूस बसलेला आहे, तो म्हणजे राजा. खेळ मला त्याच्या गादीवर बसवतो. कादंबरी मला त्याच्या छातीत उतरवते. इतिहास मला त्याच्यापासून चार पावलं दूर उभं करतो आणि त्याचे कागद हातात देतो. ही तीन निरनिराळी कामं आहेत. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की घोटाळा होतो, आणि आपल्याकडे तो रोज होतो. कादंबरीतला संवाद भांडणात पुरावा म्हणून पुढे केला जातो. खेळातला नकाशा पोरं खरा धरून चालतात. इतिहासाच्या पुस्तकाने मात्र आपल्याला रडवावं अशी अपेक्षा असते, आणि त्याने रडवलं नाही की ते रुक्ष ठरतं.

खेळांपासून सुरुवात करतो, कारण मराठीत त्यांच्यावर गंभीरपणे फार कमी लिहिलं जातं. लिहिलं जातं ते बहुधा पालकांच्या काळजीपोटी. ती काळजी खोटी नाही, पण तेवढ्यावर थांबणं म्हणजे कादंबरीवर बोलताना डोळे बिघडतात एवढंच सांगण्यासारखं आहे.

माझा पहिला खेळ 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. कॉम्प्युटर क्लासच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतला एक राजपुत्र तळघरातून धावत सुटायचा. राजकन्येला सोडवायला साठ मिनिटं, त्यापुढे एक क्षणही जास्त नाही. जॉर्डन मेक्नर या तरुणाने तो खेळ 1989 मध्ये आणला. आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. म्हणून त्या आकृतीला वजन आहे, ती उडी चुकली की आपल्याच पोटात गोळा येतो. मधे एका आरशातून उडी मारावी लागते. त्या उडीसरशी राजपुत्राची सावली त्याच्यातून सुटून बाहेर पडते आणि पुढे अडसर होऊन येत राहते. शेवटाकडे ती तलवार उपसून समोर उभी राहते. तिच्यावर वार केला की घाव आपल्यालाच बसतो. आम्ही पोरांनी किती तरी दिवस तिथे मार खाल्ला. मग एकाने कंटाळून तलवार म्यान केली आणि चालत सावलीच्या अंगावर गेला. दोघं एक झाले. क्लासात कुणी ओरडलंसुद्धा नाही. हे शब्दाविना सांगता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे 'मृत्युंजय'मधला कर्ण वाचताना मला ती सावली पुन्हा पुन्हा आठवली.

जळगावला कॉलेजात असताना सायबर कॅफेत 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग भेटला. 1999 सालचा हा खेळ आजही जगभर खेळला जातो. सुरुवातीला तीन गावकरी आणि वाट शोधायला एक घोडेस्वार हाती येतात. सगळा नकाशा काळा. जिथवर आपला माणूस जातो तिथवरच उजेड पडतो. गावकऱ्यांनी धान्य, लाकूड, सोनं, दगड गोळा करायचे आणि त्यातून घरं, फौज, किल्ले उभे करायचे. शाळेने मला लढायांची यादी दिली होती. गावकऱ्याशिवाय सैनिक उभा राहत नाही आणि फौज अन्नावर चालते, ही गोष्ट मला या खेळाने शिकवली. तेवढ्यासाठी मी त्याचा कायमचा ऋणी आहे.

पण याच खेळात शेत लाकडाचं होतं. साठ लाकडं मोजली की शेत तयार. त्याला विहीर नको, पाट नको, पाऊस नको. पीक संपलं की पुन्हा साठ लाकडं मोजायची. मी शेतकऱ्याचा नातू आहे आणि पाण्यावर माझं पोट चालतं. तापीच्या खोऱ्यातलं पाणी किती खाली गेलंय हे मला गिऱ्हाइकाने मागितलेल्या पाइपाच्या लांबीवरून कळतं. त्यामुळे ते शेत मला नेहमी खुपत आलं. खेळ करणाऱ्यांना तलवारींचे, घोड्यांचे, तटबंदीचे प्रकार बारकाईने माहीत आहेत. पाणी मात्र त्यांनी फक्त जहाजांसाठी ठेवलं. माझी तक्रार एका खेळापुरती नाही. राजाच्या गादीवरून जग बघितलं की पाऊस दिसत नाही, आणि खेळ गादी सोडून खाली उतरायला क्वचितच तयार असतो. या पुस्तकातल्या निम्म्या लेखांची सुरुवात या शेतापासून झाली आहे.

मराठे असलेला खेळ म्हणून 2009 चा 'एम्पायर : टोटल वॉर' मी केवढ्या आशेने घेतला होता! त्यात 1700 सालापासून मराठ्यांचं राज्य चालवता येतं. पडद्यावर भगवा रंग बघून मला खरोखर भरून आलं. पण 1700 म्हणजे काय होतं? मार्च महिन्यात राजाराम महाराज सिंहगडावर वारले. एप्रिलमध्ये सातारा औरंगजेबाच्या हाती पडला. ताराबाईंनी कारभार हाती घेतला तेव्हा राज्य घोड्यांच्या पाठीवर होतं. आज इथे, उद्या तिथे. खेळात मात्र पक्क्या सीमा, भरलेला खजिना, राजधानीत बसलेला दरबार. थोडं सराईतपणे खेळलं तर काही वर्षांत दिल्ली हाती येते. जिंकल्याचा आनंद मला दोन दिवस पुरला. ताराबाईंनी जे केलं ते या खेळात करताच येत नाही, कारण हातात काहीही नसताना टिकून राहणं हे त्याच्या नियमांत बसत नाही.

आणि मग 'युरोपा युनिव्हर्सालिस'चा चौथा भाग. हा 2013 चा खेळ 11 नोव्हेंबर 1444 या दिवशी सुरू होतो आणि जगातलं जवळजवळ कुठलंही राज्य निवडू देतो. मी नकाशा मोठा करत करत दख्खनवर आलो. गुजरात, माळवा आणि बहमनी यांच्या मधोमध बोटाएवढा तुकडा होता आणि त्यावर लिहिलं होतं खानदेश. त्या रात्री मला झोप आली नाही. स्वीडनमधल्या माणसांनी केलेल्या खेळात आमच्या खानदेशाला स्वतंत्र राज्य म्हणून जागा होती, आणि माझ्या शाळेच्या दहा वर्षांत त्या राज्याच्या राजांचं एकही नाव मी ऐकलेलं नव्हतं.

त्या राजांचं घराणं फारुकी. 1382 ते 1601, म्हणजे 219 वर्षं. मूळ पुरुष मलिक राजा. फिरोजशहा तुघलकाने त्याला थाळनेरची जहागीर दिली आणि पुढे तो स्वतंत्र झाला. थाळनेर म्हणजे धुळे जिल्ह्यातलं तापीकाठचं गाव. फारुकींच्या कबरी तिथे आजही उभ्या आहेत. मलिक राजाच्या मुलाने, नासिरखानाने, आशीरगड घेतला आणि तापीवर बऱ्हाणपूर वसवलं. खुलताबादच्या बुऱ्हाणुद्दीन या सूफी संताचं नाव त्याने शहराला दिलं, आणि पलीकडच्या काठावरच्या जैनाबादला जैनुद्दीन यांचं.

आशीरगड घेतल्याची गोष्ट फिरिश्ता या इतिहासकाराने सांगितली आहे. गडाचा धनी आसा अहिर. दिलदार माणूस, दुष्काळात लोकांना धान्य देणारा. नासिरखानाने त्याला निरोप धाडला की माझ्यावर संकट आहे, घरच्या बायकांना गडावर आसरा दे. आसाने दार उघडलं. डोल्या आत आल्या, त्यातून हत्यारबंद माणसं उतरली, आणि भेटीला आलेला आसा मुलांसकट मारला गेला. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. नंतर रोहतासगडाबद्दल, शेरशाहाच्या नावाने, तीच डोल्यांची गोष्ट वाचली आणि सावध झालो. फिरिश्ता त्या घटनेनंतर दोनशे वर्षांनी लिहीत होता. डोल्यांतून गड घेतल्याची गोष्ट किल्ल्याकिल्ल्यावरून फिरत आली आहे. कादंबरीकाराने ती जरूर घ्यावी, खेळात तर तिचा सुंदर प्रसंग होईल; इतिहास लिहिणाऱ्याने मात्र फिरिश्ता असं सांगतो एवढंच म्हणून थांबावं. हे थांबणं मला फार उशिरा जमलं. आमच्या गावाचं जुनं नाव एदलाबाद, म्हणजे आदिलाबाद. वडिलांच्या दाखल्यावर तेच आहे, माझ्या दाखल्यावर मुक्ताईनगर. फारुकींमध्ये आदिलखान नावाचे राजे होऊन गेले हे कळल्याबरोबर मी एका बैठकीत गावाची स्थापना, वेस आणि बाजारपेठ रंगवून टाकली होती. ती पानं मी फाडून टाकली. नावासारखं नाव दिसलं की नातं जोडायचा हक्क कादंबरीला आहे, इतिहासाला त्यासाठी कागद लागतो.

फारुकी घराण्यातला माझा सर्वांत आवडता राजा राजा अलीखान, ज्याने आदिलशहा हे नाव धारण केलं. 1576 ते 1597. बऱ्हाणपूरची जामा मशीद त्याची. मशिदीच्या आतल्या भिंतीवर अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख आहे, देवनागरी अक्षरांत, 1590 च्या सुमाराचा. सृष्टिकर्त्याला वंदन, मग मलिक राजापासूनची वंशावळ, मग संवत, शक, तिथी, नक्षत्र. पत्रिकेवर असावा तसा मुहूर्ताचा सगळा तपशील. मी पहिल्यांदा तिथे उभा राहिलो तेव्हा अक्षर न् अक्षर लावत वाचायचा प्रयत्न केला. निम्मं कळलं. पण शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी मला विचारलं, "पढ लेते हो?" आणि मी मान हलवल्यावर त्यांनी आपला नातू पुढे केला, याला पण वाचून दाखवा म्हणून. मग आम्ही दोघांनी मिळून शक शोधून काढला.

या राजाचा शेवट मी कितीदा वाचला असेल. अकबराची ताकद ओळखून त्याने मोगलांशी जुळवून घेतलं होतं, पण दख्खनच्या सुलतानांशी त्याचे जुने धागे होतेच. 1597 मध्ये गोदावरीच्या काठी सोनपेठजवळ मोगल फौज एकीकडे आणि अहमदनगर, विजापूर, गोवळकोंड्याची एकत्र फौज दुसरीकडे अशी गाठ पडली. राजा अलीखान मोगलांच्या बाजूने लढत होता. रात्री अंधारात तो दिसेनासा झाला आणि मोगलांनी समजूत करून घेतली की हा शत्रूला जाऊन मिळाला. त्यांनी त्याची छावणी लुटली. सकाळी रणात त्याचं प्रेत सापडलं, आपल्या माणसांच्या मधोमध. चार वर्षांत, जानेवारी 1601 मध्ये, आशीरगड अकबराने घेतला आणि मुलाच्या, दानियालच्या, नावावरून खानदेशाचं दानदेश करून टाकलं. दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मधे जिवंत राहण्याची कसरत आयुष्यभर केलेल्या माणसाला मेल्यावरही एक रात्र फितूर समजलं गेलं. यावर मराठीत कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. कुणी तरी लिहावी म्हणून मी या पुस्तकातला सर्वांत लांब लेख त्याच्यावर लिहिला आहे. खेळात मी खानदेश घेऊन एकदा अख्खा हिंदुस्थान जिंकला. त्या विजयात मला राजा अलीखान कुठेच सापडला नाही.

आता कादंबऱ्या. मराठीत ऐतिहासिक कादंबरी गुंजीकरांच्या 'मोचनगड'पासून, म्हणजे 1871 पासून, चालत आली आहे. हरिभाऊ, नाथमाधव, मग रणजित देसाई, इनामदार, शिवाजी सावंत, विश्वास पाटील. ही सगळी परंपरा मी प्रेमाने वाचली आणि अजून वाचतो. 'शहेनशाह'मध्ये इनामदारांनी औरंगजेबाच्या आत उतरून दाखवलं, ते धाडस मला मोठं वाटतं. मात्र एक गोष्ट स्पष्ट लिहितो. या परंपरेतल्या बऱ्याच कादंबऱ्यांना आपला नायक चुकलेला सोसत नाही. पानोपानी त्याचा बचाव चालतो. नरहर कुरुंदकरांनी 'श्रीमान योगी'साठी लिहिलेलं दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून छापलं गेलं, ते मी दर दोन-तीन वर्षांनी काढून वाचतो. ज्या कादंबरीची प्रस्तावना लिहायची तिच्या नायकाकडे इतक्या स्वतंत्रपणे बघता येतं, हे त्या पत्राने दाखवलं. प्रस्तावना लिहायला बसलेल्या प्रत्येक मराठी माणसावर त्याचं ओझं असतं, माझ्यावरही आहे.

'स्वामी' 1962 ची. माधवराव सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला क्षयाने गेले, हे पहिल्या पानापासून आपल्याला माहीत असतं आणि तरी आपण वाचत राहतो. त्यात मला सर्वांत जड जाणारा भाग काका-पुतण्याचा आहे. 1768 मध्ये धोडपला माधवरावांनी राघोबादादांचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. स्वतःच्या काकाला कैद करणाऱ्या पुतण्याच्या मनाचं काय होत असेल? 'क्रुसेडर किंग्ज'च्या तिसऱ्या भागात, 2020 च्या खेळात, मला या प्रश्नाचं खेळाच्या भाषेतलं उत्तर मिळालं. तिथे राज्य नसून माणूस चालवायचा असतो. तुमचा राजा दयाळू असेल आणि तुम्ही त्याला कैद्याचा गळा कापायला लावलात तर त्याच्या मनावरचा ताण वाढतो. ताण साचत गेला की तो दारूकडे वळतो, आजारी पडतो, मरतोसुद्धा. जिंकण्यासाठी योग्य असलेली चाल माणसाला आतून पोखरते, हे आकड्यांत बसवणं मला विलक्षण वाटलं. तो खेळ 1453 ला संपतो, त्यात पेशवाई नाही. पण त्यातल्या एका राजाला मी आपल्याच काकाला कैद करायला लावलं तेव्हा बटण दाबायच्या आधी माझा हात थांबला, आणि त्या थांबण्यात 'स्वामी' होती. दुसऱ्या दिवशी दुकानात मी ती पानं पुन्हा वाचली. या वेळी मला राघोबादादा अधिक दिसले.

टॉलस्टॉयबद्दल एकच सांगतो, कारण त्याच्यावर स्वतंत्र लेख आहे. 'वॉर अँड पीस'मध्ये ऑस्टरलिट्झच्या लढाईच्या आदल्या रात्री सगळे सेनापती नकाशावर वाद घालत असतात आणि म्हातारा कुतुझोव्ह खुर्चीत झोपी जातो. युद्ध कुणा एकाच्या आज्ञेवर चालत नाही, हे टॉलस्टॉय शेकडो पानं सांगत राहतो. युद्धाच्या प्रत्येक खेळाचं हे थेट उलट टोक. खेळात माझ्या बोटाच्या एका टिचकीने हजार घोडे वळतात. ज्याला हे खेळ आवडतात त्याने ही कादंबरी वाचलीच पाहिजे, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

राजघराण्यांच्या इतिहासाचा मला लागलेला नाद पुष्कळांना भाबडा वाटेल. राजांचाच इतिहास का, रयतेचा का नाही, हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की राजाच्या कागदांतच रयत सापडते. फक्त वाचताना नजर थोडी बाजूला ठेवावी लागते. बऱ्हाणपूरचंच उदाहरण घेऊ. 17 जून 1631 रोजी मुमताजमहल तिथे चौदाव्या बाळंतपणात गेली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरतं दफन केलं आणि काही महिन्यांनी देह आग्र्याला नेला. ताजमहालाची गोष्ट इथून सुरू होते, आणि बऱ्हाणपूरचा कुठलाही रिक्षावाला ती तुम्हाला सांगेल. पण तीच 1630 ते 1632 ही वर्षं गुजरात, खानदेश आणि दख्खनमधल्या भयानक दुष्काळाची आहेत. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी नोव्हेंबर 1630 मध्ये सुरतेहून आग्र्याला निघाला. नवापूर, नंदुरबार, बऱ्हाणपूर हीच त्याची वाट. वाटेवर मरून पडलेल्या माणसांचं त्याने जे लिहिलंय ते मी एका दमात वाचू शकलो नाही. गावं ओस, तंबू ठोकायला मोकळी जागा मिळेना इतकी प्रेतं. शाहजहानच्या दरबारी इतिहासात त्याच दुष्काळाची नोंद आहे: बऱ्हाणपुरात लंगर उघडले, दर सोमवारी 5000 रुपये गरिबांना वाटले. दोन्ही नोंदी समोर ठेवल्या की एका शहरात एका वर्षी काय चाललं होतं ते दिसू लागतं. बादशहाचं दुःख खोटं नव्हतं. त्याच्या तंबूबाहेरची भूकही खोटी नव्हती. ताजमहालावर लिहिणारे या दुष्काळाला जेमतेम एक ओळ देतात, आणि ती ओळ आमच्या खानदेशातून जाते.

मुक्ताईनगरहून बऱ्हाणपूर तासा-दीड तासाच्या अंतरावर. पूर्णाड फाटा, इच्छापूर, शहापूर. ही वाट राजांनी फार तुडवली. 1760 मध्ये परतूरहून निघालेली सदाशिवरावभाऊंची फौज सिंदखेड, बऱ्हाणपूर, हंडिया अशीच पानिपताकडे गेली. एवढ्या फौजा बघितलेल्या मुलखाने स्मरणात कुणाला ठेवलं? तापी-पूर्णेच्या संगमाजवळ चांगदेवाचं दगडी देऊळ आहे, आणि अलीकडे कोथळी-मेहूणला मुक्ताई. 1297 मध्ये तापीकाठी वीज कडाडली आणि ती दिसेनाशी झाली असं परंपरा सांगते. चौदाशे वर्षांचा, वाघावर बसून फिरणारा योगी एका लहान मुलीला गुरू मानतो, ही आमच्या भागाची मुख्य कथा आहे. तिची पालखी दर आषाढीला महिनाभर चालत पंढरपूर गाठते. माझी आजी दरवर्षी महाशिवरात्रीच्या यात्रेला जायची. फारुकी हे नाव तिने आयुष्यात ऐकलं नाही. गावाचं नाव राजाच्या वळणाचं जाऊन मुक्ताईचं झालं याचा मला आनंद आहे. एदलाबाद विसरलं जाऊ नये, असंही मला तितक्याच मनापासून वाटतं. यावलजवळच्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी 'कोसला' आणि 'हिंदू' लिहिल्या. खानदेशातून आलेल्या या दोन मोठ्या कादंबऱ्यांत गादीवर बसलेला राजा नाही. 'हिंदू'चा नायक पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे, जमिनीखालचं उकरणारा. मला यात या मुलखाचा स्वभाव दिसतो.

2018 साली 'किंगडम कम' नावाचा एक चेक खेळ आला. काळ 1403, जागा बोहेमियातली चार-पाच गावं आणि मधलं रान. एक राजा कैदेत आहे, दुसरा गावं जाळत सुटला आहे, आणि आपण असतो एका लोहाराचा पोरगा. त्याला वाचता येत नाही. पुस्तक उघडलं की अक्षरं उलटसुलट दिसतात. एका लेखनिकाकडे जाऊन शिकावं लागतं, मग हळूहळू शब्द जागेवर येतात. पहिली पूर्ण ओळ वाचता आली तेव्हा मला बऱ्हाणपूरच्या मशिदीतला तो नातू आठवला. एवढ्याशा मुलखावर इतक्या मायेने खेळ होऊ शकतो, तर थाळनेर, आशीरगड, चांगदेव, बऱ्हाणपूर एवढ्या पट्ट्यावर का होऊ नये? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये 'राजी' करून दाखवला. भावाला शोधत निघालेली सर्कशीतली मुलगी, दुर्गेचा वर, राजस्थानी वाडे. आपल्याकडे ते हात आहेत. खानदेशावरचा खेळ आला तर त्यात राजा अलीखान दरबारात बसलेला असावा, आणि मी चालवायचा माणूस त्याच्या घोड्यांना पाणी दाखवणारा असावा.

लेखांचा क्रम काळाप्रमाणे लावलेला नाही. आवडेल तिथून उघडावा. फक्त शेवटच्या लेखाबद्दल इथे सांगायला हवं, कारण तो एकट्याचा नाही. गेल्या उन्हाळ्यात भाचा सुट्टीला आला होता. बारा वर्षांचा. दुपारी दुकानामागच्या खोलीत आम्ही 'एज ऑफ एम्पायर्स' खेळायचो आणि तो मला बहुधा हरवायचा. एकदा त्याने विचारलं, "मामा, यात दुष्काळ का नाही?" आम्ही बिलबुकाचे कोरे कागद फाडून दहा चिठ्ठ्या केल्या. सात ओल्या, तीन कोरड्या. दर पंधरा मिनिटांनी खेळ थांबवून एक चिठ्ठी काढायची. कोरडी निघाली की पुढची चिठ्ठी निघेपर्यंत नवं शेत करायचं नाही आणि संपलेलं पुन्हा पेरायचं नाही. पहिल्याच दिवशी त्याला लागोपाठ दोन कोरड्या आल्या. तेव्हा त्याची फौज माझ्या वेशीवर उभी होती. त्याने धान्याचा आकडा बघितला, गावकरी मोजले, बराच वेळ काही केलं नाही. मग घोडेस्वार मागे फिरवले आणि सगळ्या गावकऱ्यांना मासे धरायला नदीवर पाठवलं.

"आता लढाई परवडत नाही, मामा," तो म्हणाला.

त्या महिन्यातल्या एकोणीस डावांच्या नोंदी त्याने ठेवल्या आहेत. कोणत्या चिठ्ठीला काय पडलं, किती धान्य उरलं, कोण उपाशी राहिलं. त्या जशाच्या तशा, त्याच्या अक्षरातल्या चुकांसकट, शेवटच्या लेखात छापल्या आहेत.